मोठेबाबांचा हात झुकला की नाही?

मित्रांनो, सकाळपासून फसून बसलोय. तुम्हीच काही सुचवा.

भटकत भटकत सध्या जबलपूरला मोठेबाबांकडे, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाकडे टेकलोय. त्यांचं वय अडुसष्ट, पण पिस्तूल नेमबाजीची हौस तशीच. हल्ली मनगट दुखतं आणि गोळ्या खाली लागून राहिल्या. गोळी सुटतानाच्या धक्क्याच्या भीतीनं आपला हात आधीच झुकतो, असा त्यांना संशय.

म्हणून आज रेंजवर पिस्तुलाचं मॅगझिन मी भरलं. खऱ्या गोळ्यांत एक डमी, म्हणजे बिनदारूची गोळी, कुठं ते त्यांना न सांगता. डमीला धक्का नसतो, त्यामुळे हात भीतीनं झुकला तर मागच्याला साफ दिसतो.

"तू फक्त नळी पाहा. झुकली तर रविवारच्या मॅचमधून नाव काढतो, पिस्तूलही जमा करतो. अपने को धोखा नहीं देना."

धाड! धाड! आणि बाजूच्या भिंतीवर चक्क मोर! एवढ्या आवाजात आरामात फिरून राहिला होता. मी बघतच राहिलो. तेवढ्यात नुसतं टिक.

"काहून रे, झुकली?"

"नाही, मोठेबाबा." तोंडातून निघूनच गेलं.

त्यांनी खुशीत सदर बाजारात नेऊन मला खोव्याची जलेबी चारली. मी हळूच म्हटलं, उद्या परत पाहू का?

"काहून? तू पाहिलं ना? बस!"

आता सगळ्यांना फोन करून सांगून राहिलेत, हात अजून पक्का आहे म्हणून.

खरं सांगून टाकावं वाटतं. पण सांगू काय? मला तर फक्त मोर दिसला.