पीठ वर आल्याचा निरोप

रिकाम्या उद्योगांचं एक बरं असतं. यंत्र चालो न चालो, किस्सा हमखास तयार होतो! नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला आम्ही तिघं पुणेकर इंजिनियर दर शनिवारी मंदारच्या घरामागच्या शेडमध्ये जमतो. त्यामुळे आमच्याकडे चालणारी यंत्रं मोजकी आणि किस्से ढीगभर.

*

श्रीपादनं सायकलला वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र बसवलं. वारा समोरून आला की फोन तसं सांगायचा. अख्खा हिवाळा खपला बिचारा. बायको म्हणाली, "हे तुझे पाय फुकटात सांगत नव्हते का?"

ॲप लिहायला मात्र तो त्यातच शिकला.

*

मी गणपतीत मखराचे दिवे टाळ्यांवर लागतील असे केले. आरतीला एकही दिवा लागेना. शेजारच्या डच आजोबांचा कुत्रा भुंकला की मात्र झगमगाट! ओशाळून आजोबांना सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी ते कुत्र्याला घेऊन आरतीला हजर.

*

मंदारची तऱ्हाच वेगळी. इथल्या थंडीत इडलीचं पीठ आंबेना, म्हणून त्यानं जुन्या कूलबॉक्समध्ये बल्ब आणि सेन्सर बसवले. पीठ वर आलं की फोनवर निरोप. आधी तर पीठ बॉक्समध्येच शिजलं. त्याची बायको केतकी म्हणाली, "आपण उपमा खाऊ या."

एकदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये निरोप आला आणि हा न बोलता सायकलवर टांग मारून पळाला. सगळ्यांना वाटलं, घरी बाळ झालं. इथे बाळ झालं की बाप ऑफिसात गोड बडीशेप लावलेली बिस्किटं वाटतो. दुसऱ्या दिवशी मंडळी बिस्किटांची वाट बघत बसली. यानं इडल्या वाटल्या.

*

मग मंदारची नोकरी गेली. इथे राहायचं परमिट नोकरीला बांधलेलं, वेळेत दुसरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळून पुणं. लेक तर मराठी प्रश्नाला डचमध्ये उत्तर देणारी. आम्हालाही धास्ती वाटत होती.

नायमेखनच्या एका चिप कंपनीतून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. त्यांना सेन्सरमधला माणूस हवा होता आणि मंदारचा सगळा अनुभव बँकांच्या सॉफ्टवेअरचा. निघताना केतकीनं बजावलं, "पिठाचं काही बोलू नकोस."

मॅनेजरबाईंनी विचारलं, सेन्सर कधी हाताळलेत का? मंदारनं खरं तेच सांगितलं. वाफेनं सेन्सर कसा बिघडला, आकडे का उड्या मारत होते, ते कसे ताळ्यावर आणले, सगळं. मग बाईंनी स्वतःचा फोन पुढे केला. फोटोत काचेची बरणी होती, तिच्या तळाशी ब्रेडसाठी आंबवायला ठेवलेलं पीठ मलूल बसलेलं.

"आमचं हे काही केल्या फुगत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही एक तारखेपासून येऊ शकाल?"