जात्याची टाकी आणि माझी पावडर

सिरसाळ्याच्या बाजारात लोक अप्पांना विचारायचे, "तुमची पोरगी करती तरी काय?" आणि माझे वडील गप्प बसायचे. मला त्याचा भारी राग यायचा. आपल्या मेंढरांच्या चार पिढ्या तोंडपाठ असलेल्या माणसाला लेकीच्या कामाबद्दल एक वाक्य सांगता येऊ नये!

मी धुरातल्या कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल नावाचं इंधन बनवते. तो वायू हायड्रोजनसोबत एका ऑक्साइडच्या पावडरीवरून न्यायचा. पावडरीचा पृष्ठभाग अगदी निर्दोष असला, तर वायू नुसताच वरून निघून जातो. पण कुठे ऑक्सिजनचा अणू निसटून खळगा राहिला असेल, तर वायू तिथे अडकतो, हायड्रोजन त्याला येऊन मिळतो आणि मिथेनॉल तयार होतं. माझी सगळी मेहनत हे खळगे पाडण्यात जाते. फोनवर हे सांगितलं की अप्पा म्हणायचे, "दोष पाडायचा पगार देतेत व्हय तुला?"

भाचीच्या, म्हणजे दादाच्या लेकीच्या लग्नाला गावी गेले. आमच्याकडे जात्यावर हळद दळल्याशिवाय लग्नाचं काहीच सुरू होत नाही. दादाचा केजमध्ये फरशी पॉलिशचा धंदा. फोटो झकास यावेत म्हणून या पठ्ठ्याने जात्याचे दोन्ही दगड मशीनखाली घालून आरशासारखे करून ठेवले होते. बायका ओव्या म्हणत दळायला बसल्या, तर हळकुंडाचे तुकडे घातले तसेच बाहेर पडले. वहिनी रडकुंडीला आली. नवरीला काय गिरणीची हळद लावायची?

"लई गुळगुळीत केलंय की," दादा म्हणाला. "अजून काय पायजे?"

मला हसू आवरेना. टाकी लावणारे, म्हणजे जात्याच्या दगडाला टोचे पाडून देणारे, आता गावात फिरकत नाहीत. मीच छिन्नी-हातोडा मागितला.

"शुभकार्यात दगडाला घाव घालतीस?" चुलती कडाडली. "शिकून येडी झालीस का गं?"

"घावाबिगर दळायचं न्हाई, काकू," मी म्हणाले आणि बसले ठोकत. टोचे उथळ हवेत, सुटे सुटे. फार टोचलं तर दगडच ढासळतो, हे माझ्या पावडरीनेही मला रडवून शिकवलं होतं. दगडाची कच निघून जावी म्हणून आधी जोंधळा दळला, तो कोंबड्यांना घातला. मग हळद पडू लागली, पिवळीधम्मक आणि मऊ. दादा खाली मान घालून हसत होता.

अप्पा इतका वेळ खांबाला टेकून बघत होते. त्यांनी वरचा दगड उचलायला लावला आणि टोच्यांवरून बोट फिरवलं.

"तुझ्या पावडरीत असंच हाय का?"

"असंच. फकस्त खळगा डोळ्याला दिसत न्हाई."

बोटाला लागलेली हळद धोतराला पुसत ते बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी मांडवात व्याह्यांनी विचारलं, "तुमची लेक काय करती म्हणायची?" अप्पांनी फेटा सावरला आणि वाजंत्रीवाल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "धूर दळून इंधन काढती. अन् जात्याला टाकी बी तिची तीच लावती."