पथ्याचा कागद

माघ सरता सरता आमच्या वसमतकडच्या शिवारात हळद शिजू लागते, आणि तो उष्ण, मातकट वास वाऱ्याबरोबर अंगणात उतरला की मला चार घड्या घातलेला एक कागद आठवतो.

माझी धाकटी बहीण सुमी तेव्हा सात वर्षांची होती. रक्ताच्या कॅन्सरवर तिला शहरातल्या दवाखान्यात इंजेक्शनं चालू होती. तिथल्या आहार सांगणाऱ्या बाई काही समजावू लागल्या, तेव्हा आई म्हणाली, "लिहून द्या बाई, माझी थोरली कालिजात हाय." घरात वाचता येणारी मी पहिलीच. कागदावर वर शब्द होता 'पथ्य', आणि खाली अंडं, दूध, तूप, शेंगदाणे. आमच्याकडे पथ्य म्हणजे वर्ज्य. काविळीत तेल, गोवरात फोडणी. मी आईला सांगितलं, "ह्यातलं काहीच द्यायचं न्हाई."

आईनं ते मनोभावे पाळलं. दारात शेळी दुभती होती, कोंबडी अंड्यावर होती, आणि केस गळालेली सुमी तीन आठवडे नुसती भाताची पेज पिऊन ओसरीवरच्या कोवळ्या उन्हात बसून राहायची.

"काहून अंडं न्हाई, ताई? कागद उलटा तर न्हाई धरलास?"

मी हसायची.

पुढच्या खेपेला वजन घटलेलं निघालं. ते भरून येईपर्यंत इंजेक्शन थांबवलं गेलं. बाईंनी कागद पाहिला आणि हलकेच म्हणाल्या, "अहो, पथ्य म्हणजे हे खायला द्यायचं."

"तुमचंच लिहायला चुकलं आसंल," आई म्हणाली. "पोरगी शिकलेली हाय माझी."

माणसांनी भरलेल्या त्या व्हरांड्यात इतकी एकटी मी कधीच नव्हते. "आई, मीच चुकले," एवढंच कसंबसं म्हणाले. एसटीत आई खिडकीबाहेर पाहत राहिली. मला वाटत होतं, तिनं निदान रागवावं.

सकाळी तिनं अंडं उकडलं, पण ताटली सुमीपुढं सरकवण्याआधी तोच कागद माझ्या हातात दिला. "पुन्हा वाच." मी पहिलीतल्या मुलीसारखं एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. सुमीनं अंड्याचे दोन भाग केले आणि एक माझ्यापुढं धरला.

"घे ताई. तुला बी पथ्य."

मी तो परत तिच्या ताटलीत ठेवला. ती सावकाश चावत होती, आई आणि मी नुसत्या पाहत होतो. हळदीचा वास दाटून आला होता, आणि वजनकाटा अजून आठ दिवस दूर होता.