डाग न धुतलेलं जॅकेट

मस्तगड भागात ब्लाउज आणि फॉल-पिको करणाऱ्या बाईंकडे मी तीन कामं लिहून नेली होती. पहिलं सांगायच्या आतच थबकले. समोर खिळ्याला मोटरसायकलच्या शर्यतीचं चामडी जॅकेट टांगलेलं होतं. बाह्या कात्रीने उभ्या कापलेल्या आणि खांद्यापासून कोपरापर्यंत रक्ताचे वाळलेले डाग.

"माझ्या भावाचं हाये," सुईत दोरा ओवत त्या म्हणाल्या. "रेसमधी पडला. दवाखान्यात कापून काढलं. मंग मी ते उलगडून पेपरवर बेतलं अन् नवीन शिवायला घेतलं. त्याचे दोस्त बघून गेले. आता ब्लाउज कमी, हेच जादा करून राह्यले."

"धुतलं नाहीत?" मी कसंबसं विचारलं.

"कशाला धुवू, ताई? कुठं कुठं सोललं ते ह्याच्यावरच तर कळतं. तिथं दुहेरी चामडं लावते."

त्या ब्लाउजचा टक्स दाखवावा तसं डागाच्या कडेनं बोट फिरवत होत्या. भाऊ आता कसा आहे, मी विचारलं.

"रविवारी परत गाडी पळवणार. लई सांगून पाह्यलं, बिलकुल ऐकत न्हाई."

मशीनवर त्याचं नवं जॅकेट होतं. खांद्याच्या शिवणीला आतून दोन बोटं जादा चामडं सोडलेलं.

"जुन्यात शिवणीला अशी माया सोडलेलीच न्हवती, म्हणून खांदा उसवला," म्हणत त्यांनी ती शिवण माझ्या हातात दिली. "ओढा, ताई. जोर लावून."

मी दोन्ही हातांनी ओढलं. बाई शिवणीवरून नजर हलवत नव्हत्या.

"अजून," त्या म्हणाल्या.