काटा आणि सुरी

अक्काला बघून गेल्यावर पंधरा दिवसांनी मुलाच्या वडिलांचा निरोप आला. पुढचं बोलणं जेवता जेवता करू, रविवारी दुपारी कँटोन्मेंटमध्ये या. ते लष्करातून मेजर होऊन निवृत्त झालेले. आमच्यासारखंच पिढ्यान्‌पिढ्या या कानडी मुलखातलं मराठी घर, पण राहणी साहेबी. जेवण त्यांच्या घरी नव्हतं. गोऱ्या सोल्जरांच्या वेळेपासूनचा एक पब होता, त्याच्या मागच्या खोलीत कुटुंबवाल्यांना बसता येई. तिथं बोलावणं हा त्यांच्या मते मान होता.

"दारू विकतात तिथं लेकीचं लग्न ठरवायचं?" असं म्हणून आई आली नाही. अक्काने येण्याची रीत नव्हती. मग अण्णा, म्हणजे आमचे वडील, मला म्हणाले, "तू चल. एवढी कॉन्व्हेंटात शिकलीस, तिथलं इंग्रजी वाचून दाखव. बाकी मध्ये बोलू नकोस."

मध्ये बोलायची मला सवयच नव्हती.

निघताना अक्काने माझ्या वेणीत आबोली माळली. आधी दोन ठिकाणांहून तिला नकार आला होता. या मुलाबद्दल ती कुणाशी काही बोलली नव्हती. मला मात्र म्हणाली होती, "चहाचा कप स्वतः आत आणून ठेवला गं त्यांनी." आता मान खाली घालून म्हणाली, "नीट बघून ये. मला सगळं सांग."

पबच्या पुढच्या भागात लाकडी कट्ट्याशी माणसं उभी होती आणि आंबूस वास येत होता. आम्हाला बाजूच्या दाराने आत नेलं. भिंतीवर घोड्यांची चित्रं, टेबलावर पांढरा कपडा, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात काटे-सुऱ्यांची रांग. मेजरसाहेब आणि त्यांच्या पत्नी आधीच येऊन बसले होते. पदार्थ त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. मला वाचायला काहीच उरलं नाही.

अण्णा नीटनेटके. घरी चपलासुद्धा एका रेषेत ठेवणारे. आणि मोठं माणूस बोलत असताना जेवू नये, हात ताटावरून काढून ऐकावं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. तळलेला मासा आला. अण्णांनी एक घास घेतला आणि मेजरसाहेबांनी विचारलं, "लग्न इथंच करायचं ना?" अण्णांनी काटा-सुरी बशीत ठेवली, अगदी शेजारी शेजारी, सरळ, आणि बोलू लागले.

शाळेत नन्सनी आम्हाला हे घोटून घोटून शिकवलं होतं. काटा आणि सुरी तिरकी, एकमेकांपासून लांब, म्हणजे अजून जेवतोय. जोडून सरळ, म्हणजे झालं. मागे उभा असलेला फेटेवाला बेअरर पुढे आला आणि अण्णांची बशी उचलून घेऊन गेला.

अण्णा बोलायचे थांबले. बशी होती त्या जागेकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग बोलणं पुरं केलं.

भाजलेलं मटण आलं तेव्हा मी माझी काटा-सुरी मुद्दाम तिरकी, फाकवून ठेवली. अण्णांना वाटलं मला वळण नाही. त्यांनी डोळे वटारले. मी टेबलाखाली पायाने त्यांचा बूट हलकेच ढोसला. त्यांनी पाय आवरून घेतला. बेअररने माझ्याकडे पाहावं म्हणून मी त्याच्यावर नजर रोखली, पण त्याला पाहुण्यांच्या तोंडाकडे नाही, बशांकडेच बघायला शिकवलेलं होतं.

"अण्णा," मी शेवटी म्हटलं.

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. "यस, माय डिअर?" मेजरसाहेब म्हणाले.

"मीठ," माझ्या तोंडून निघालं. त्यांनी मीठ पुढे केलं. तेवढ्यात, पुन्हा जोडून ठेवलेल्या काट्या-सुरीसकट अण्णांची मटणाची बशीही गेली.

मेजरसाहेबांच्या पत्नी हे सगळं बघत होत्या. "तुम्हाला इथलं काही आवडलेलं दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"छे छे, पुरे झालं," अण्णा म्हणाले. आमच्याकडे 'पुरे' म्हटल्यावरच वाढणाऱ्याला जोर चढतो. इथं कुणी आग्रह केला नाही. वाढणारा बेअरर होता, आणि तो 'पुरे' म्हणजे पुरे समजत होता.

शेवटी कस्टर्ड आलं. गोड होतं म्हणून मी मनातल्या मनात विनवत होते, अण्णा, एवढं तरी खा. "तर मग?" मेजरसाहेब म्हणाले. उत्तर द्यायचं म्हणून अण्णांनी चमचा बशीत ठेवला. कस्टर्डला चमचाही लागला नव्हता. बेअरर वाकला.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मेजरसाहेबांनी रुमालाची घडी घातली. "सरी, ठीक आहे. घरी बोलून कळवतो."

परतताना आमच्या जटक्याचा घोडा मार्केटपाशी वळला. अण्णा म्हणाले, "पुढ्यातलं उचलून नेलं माझ्या. दरवेळी."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "ते चाकराचं झालं. यजमान समोर बसला होता ना? एकदा तरी म्हणाला, थांब रे, खाऊ दे त्यांना?"

मेजरसाहेब तसं म्हणाले नव्हते. तेही बेअररसारखंच, तुमचं खाऊन झालं असं समजले असतील, असं मी म्हटलं. अण्णा घोड्याच्या पाठीकडे बघत राहिले.

चामराजपेटला पोचलो तेव्हा अक्का दारातच होती. अण्णांनी कोट काढला आणि म्हणाले, "अक्का, स्वल्प भात वाढ. ताक आहे ना?" मेजवानीहून आलेला माणूस भात मागतोय म्हटल्यावर तिने पुढे काही विचारलं नाही. भात वाढला. ते "पुरे" म्हणाले, तरी आणखी वाढला. तो त्यांनी खाल्ला.

आठवड्याने मध्यस्थ सांगत आला. मुलीच्या वडिलांचं मन दिसलं नाही, असं त्या बाजूचं म्हणणं होतं. "माझं मन?" अण्णा म्हणाले, आणि पान लावायला बसले. पुन्हा त्यांच्याकडे जाऊन बोला, असं मी आईला म्हटलं. मुलीकडच्यांनी किती वाकायचं, असं आई म्हणाली.

संध्याकाळी अक्काने फडताळातून दोन चमचे काढले, एक ताटली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "दाखव."

मी चमचे फाकवून ठेवले. मग जोडून ठेवले.

तिने बोटाने ते थोडे दूर केले, परत जवळ आणले. "एवढंच?" ती म्हणाली.