पॅरोलआधी लागलेला फ्लेक्स

तमाम ग्रामस्थांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमच्या चुलतभावाच्या पॅरोलमधलं सर्वात मोठं विघ्न मी स्वतः, पूर्ण शुद्धीत असताना, आठ बाय दहा फुटांत छापून आणलं होतं.

झालं असं. शेवगावकडच्या आमच्या शेतात भावानं तुरीच्या ओळींमध्ये गांजा लावला आणि तुरुंगात गेला. तिथे त्याला अक्कल आली. बियाणं कोणी दिलं, माल कोण उचलणार होतं, सगळं त्यानं पोलिसांना सांगितलं. वकील म्हणाले, या सहकार्यामुळे पॅरोलचा अर्ज लवकर करता येईल. इकडे त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या काकूनं, मोतीबिंदूचं ऑपरेशन अडवून धरलेलं. पट्टी सुटल्यावर पहिलं तोंड लेकाचंच बघणार! तोवर चहात साखरेऐवजी मीठ पडलं तरी चालेल. आणि ते पडायचंही.

अर्ज गेल्याचं कळताच मी कामाला लागलो. आमच्याकडे वाढदिवसाला फ्लेक्स, बदलीला फ्लेक्स, शर्यतीत बैल पळाला तरी फ्लेक्स. दुसऱ्याच दिवशी सकाळी भाऊ गॉगल लावून चौकात झळकला. खाली माझा मजकूर: 'पोलिसांना मोलाचे सहकार्य केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! स्वागतोत्सुक, समस्त मित्रपरिवार.'

तासाभरात हवालदार पॅरोलसाठी घरच्या चौकशीला आले. मोटारसायकल नेमकी फ्लेक्सखाली थांबली.

"हे कुणी लिवलं?"

"मीच," मी छाती काढून म्हणालो.

"अहो शहाणे, ज्यांची नावं त्यानं दिली, त्यांना वाचता येत न्हाई का? घरी आला तर जिवाला धोका, एवढंच मी अहवालात लिवलं तर अर्ज फेटाळला म्हणून समजा!"

मी स्वतः शिडीवर चढलो. दहा मिनिटांत फ्लेक्स गोठ्यावर, भावाचं तोंड म्हशीकडे.

मग ओसरीवर काकूचा चहा घेत हवालदारांनी शेवटचा प्रश्न विचारला, "आजी, खरं सांगा. पॅरोलवर आला आन् पळून गेला तर?"

मी खानदान, संस्कार वगैरे भाषणाची तयारी करून उठलो. काकूनं सदरा ओढून मला खाली बसवलं. तिच्या उत्तरावर हवालदारांना असा ठसका लागला की खारट चहा ओसरीभर उडाला. डोळे पुसत त्यांनी तिथेच अनुकूल शेरा लिहिला. काकू म्हणाली होती,

"सायेब, धरायला तुमीच आल्ता न्हवं? मागचं दार उघडं हुतं, तरी पळाला का? घोरत पडला हुता! मीच हलवून उठवला, तवा कुटं तुमच्या गाडीत बसला!"