धूम्रगिरी, होतूशेठ आणि माझं सुंदर अक्षर

चार वाचणारी माणसं दर रविवारी एकाच ओट्यावर बसायला लागली, की पुस्तकं संपतात पण किस्से संपत नाहीत. आमच्याकडे तर ते इतके साचलेत की एक सांगायला जावं, तर मागचे तीन 'आधी मी, आधी मी' करत पुढे घुसतात. वाईट एवढंच, की प्रत्येक किश्श्यात शेवटी होतूशेठच वरचढ ठरतो. तो नसलेला एखादा किस्सा सापडतो का, म्हणून मी खूप डोकं खाजवलं. नाही सापडला! तेव्हा आता जळत जळतच सांगतो.

ओटा कुमुदताईंचा. अंबरनाथ पूर्वेला त्यांनी घरच्या व्हरांड्यात लायब्ररी काढली होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्या वेळी आम्हाला एकच वेड होतं, 'धूम्रगिरी'! सात राजे, एक शापित राणी, उलटी वाहणारी नदी आणि डोंगराच्या पोटात झोपलेला नाग. एकेक भाग उशीएवढा जाड. पुढचा भाग कधी येणार, ते फक्त देवाला आणि प्रकाशकाला ठाऊक.

आम्ही चौघं. कुमुदताई, बदलापूरच्या बेलवलीहून सायकल मारत येणारे भोईर गुरुजी, एका कारखान्यात ट्रेसर असलेला मी, म्हणजे मोरे, आणि उल्हासनगर चार नंबर कॅम्पात चेन-बटणांचं दुकान असलेला होतूशेठ. ट्रेसर म्हणजे काय, तर इंजिनिअरने काढलेलं ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर शाईने जसंच्या तसं उतरवायचं. त्यामुळे माझं अक्षर मोत्यासारखं. होतूशेठ शाळेत मराठी शिकलेला सिंधी माणूस, ज्याला त्याला 'साईं' म्हणणारा, अक्षर कोंबडीचे पाय! पण धूम्रगिरीचं पान न् पान पाठ होतं ते त्याला. मराठी मातृभाषा माझी आणि मान त्याला! आता सांगा, कोणाच्या पोटात दुखणार नाही?

*

आमच्या ओट्यावर 'कुलूप' नावाचा कायदा होता. नवा भाग ज्याने आधी वाचला, त्याने बाकीच्यांचं वाचून होईपर्यंत तोंडाला कुलूप लावायचं. कुलूप मोडलं, की सगळ्यांना वडे त्याच्याकडून!

पाचवा भाग होतूशेठला आमच्या तीन आठवडे आधी मिळाला. कसा? तर तो मुंबईत ज्याच्याकडून बटणं आणायचा, त्याच्या शेजारचा गाळा बाइंडरचा. शिलाई झाल्या झाल्या पहिली प्रत याच्या पिशवीत! तीन रविवार हा माणूस आमच्यासमोर बसून नुसता हसत होता. ते हसू आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

पहिल्याच रविवारी मी ठरवलं, तोंडाला कुलूप असेना, चेहरा तर उघडा आहे! वडे आले. मी सहज बोलल्यासारखा एकेक नाव घेत गेलो. "सेनापती..." काही नाही. "नागपूजक..." काही नाही. "राणी..." आणि होतूशेठच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! घास हातातच राहिला.

मी उभा राहून ओरडलो, "राणी मेली!"

कुमुदताईंचं राणीवर फार प्रेम. त्या घरात गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. पुढचे दोन रविवार ओट्यावर सुतक होतं. मग भाग लायब्ररीत आला. राणी कसली मरते! राणीचं लग्न होतं आणि तीस पानं नुसत्या पंगती उठत होत्या.

"मग तुम्ही रडलात कशाला?" मी होतूशेठला विचारलं.

"साईं, वड्यात मिरची होती!"

पुस्तक न वाचता कुलूप मोडणारा मी पहिलाच. वड्यांचा दंड मलाच बसला.

*

गेलेली इभ्रत परत मिळवायची म्हणून मी धूम्रगिरीचा नकाशा काढायला घेतला. पुस्तकात नकाशा नव्हता. दीड महिना रोज जेवणाच्या सुट्टीत खपलो. डोंगर, किल्ले, ती उलटी नदी, दिशा दाखवणारा बाण, सगळं ड्रॉइंग इंकमध्ये. कुमुदताईंनी तो व्हरांड्यात लावला. लोक मुद्दाम बघायला यायला लागले. मी दाराशी उभा राहून 'काही नाही हो, सहज काढला' असं म्हणत होतो.

होतूशेठ आला. चष्मा पुसला. बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आज जिरली!

"साईं," तो म्हणाला, "ये तो आपली उल्हास नदी है!"

खरंच होती. नदीची वळणं मनाने काढायचा कंटाळा म्हणून मी ऑफिसातल्या एका जुन्या नकाशावरून ती ट्रेस केली होती. नुसता प्रवाहाचा बाण उलटा मारला होता. कोणालाही कळणार नाही, असं वाटलं होतं मला!

गुरुजी पुढे झाले. त्यांनी बेलवलीच्या वळणावर बोट ठेवलं आणि शाळेतली मराठी विसरून गावच्या बोलीत ओरडले, "आरं, मंग ह्यो राक्षसांचा तळ म्हंजे माजं भाताचं शेत!"

त्या दिवसापासून गुरुजी उशिरा आले की होतूशेठ विचारायचा, "राक्षस झोपले होते काय?" नकाशा माझा, पण गाजला तो होतूशेठचा विनोद.

*

मग कुमुदताईंनी एक फळा टांगला. वर लिहिलं, 'धूम्रगिरी संपली? मग हे वाचा!' पुढचा भाग येईपर्यंत वाचकांनी काय वाचावं, ते आम्ही सुचवायचं होतं.

मी अकरा जाडजूड ग्रंथांची यादी दिली. खरं सांगतो, त्यातले सात मी स्वतः उघडलेलेही नव्हते. पण फळ्यावर भारदस्त दिसत होते. एका बाईंनी त्यातला पहिला ग्रंथ नेला आणि दोन दिवसांत परत आणला. कुमुदताईंना म्हणाल्या, "हे मोऱ्यांनी स्वतः वाचलंय का, तेवढं विचारा हो."

गुरुजींनी आपल्या शेताचा सातबारा सुचवला. "यात राजे आहेत, वारस आहेत, भाऊबंदकी आहे, शाप आहे. आणि शेवट कधीच येत नाही!"

होतूशेठने एकच ओळ लिहिली, 'भाग पहिला, परत.'

"हे काय सुचवणं झालं?" मी म्हणालो.

"साईं, पहिल्या पानावर एक म्हातारा पाणी मागतो, आठवतं? तोच पाचव्या भागातला राजगुरू. पहिल्यांदा वाचताना कोणाला दिसत नाही."

मला तर दिसलाच नव्हता! आठवड्याभरात पहिल्या भागासाठी नऊ जणांनी नंबर लावले. दहावा नंबर माझा होता. मी तो बायकोच्या नावाने लावला.

*

सहावा भाग आला आणि पुढे सगळं सामसूम. एक वर्ष गेलं, दुसरं सरत आलं, सातव्याचा पत्ता नाही. शेवटी कुमुदताईंनी टेबलावर एक जाड वही ठेवली आणि फर्मान काढलं, "आता आपणच लिहायचं! मुख्य गोष्टीला हात लावायचा नाही. कोपऱ्यातलं एखादं माणूस घ्यायचं आणि त्याची जोडगोष्ट लिहायची."

गुरुजींनी राजाच्या रथाच्या बैलांवर लिहिलं. बैल राजापेक्षा शहाणे निघाले. मी सेनापतीचं बालपण लिहिलं. चाळीस पानं! नोकरीला लागल्यापासून कशात जीव ओतला असेल तर त्या चाळीस पानांत. एकदा तरी माझ्यासाठी कोणीतरी डोळे पुसावेत, एवढंच मला हवं होतं.

कुमुदताईंनी सगळं वाचलं. वही मिटली आणि म्हणाल्या, "मोरे, अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं!"

होतूशेठने तीन पानं लिहिली होती. तिसऱ्या भागात एका ओळीत येऊन जाणारा एक शिंपी. तो लढाईला निघालेल्या एका पोराचा अंगरखा शिवतो, पण शेवटचं बटण लावत नाही. पोरगा म्हणतो, "हे राहिलं." शिंपी म्हणतो, "परत आलास की लावून देईन." बटण डबीत टाकतो. रोज दिवेलागणीला डबी उघडून बघतो. बस, एवढंच.

कुमुदताईंनी पदर डोळ्यांना लावला. गुरुजी उगाचच सायकलची चेन बघायला खाली उतरले. मी वाचलं आणि पान मागे उलटून पुन्हा वाचलं. लगेच त्याचाच राग आला. दिवसभर चेन आणि बटणं विकणाऱ्या माणसाला हे सुचावं, आणि मी चाळीस पानं लिहून मला अक्षराचं बक्षीस!

"पण तो पोरगा परत आला की नाही?" कुमुदताई होतूशेठच्या मागे लागल्या. "असं अर्धवट नका हो ठेवू. लिहा ना शेवट!"

*

आता शेवटचा. हा मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.

कुमुदताईंनी ठरवलं, सगळ्या जोडगोष्टी धूम्रगिरीच्या लेखकाला पाठवायच्या. फेअर कॉपी कोणी करायची? अर्थात मी. अक्षर!

दुसऱ्याच दिवशी दुपारी होतूशेठ स्कूटर काढून थेट आमच्या कारखान्याच्या गेटवर आला. खिशातून त्याने बटणांचं एक पुठ्ठ्याचं कार्ड काढलं. बटणं विकून झाली होती, एकच कोपऱ्यात लटकत होतं. कार्डाच्या मागे त्याच्या त्या कोंबडीच्या पायांनी गच्च लिहिलेलं.

"साईं, चैन पडेना. मी त्या पोराला परत आणला. हे शेवटी जोडा. ताईंना आत्ता सांगू नका, लेखकाचं उत्तर येईल तेव्हाच कळू दे."

जेवणाच्या सुट्टीत मी ते वाचलं. पोरगा परत येतो. शिंपी त्याला ओळखत नाही. पोरगा नुसता अंगरख्याच्या बिनबटणाच्या काजावर बोट ठेवतो. शिंपी बटण लावतो आणि दोघं एका ताटात जेवायला बसतात. मी डबा न खाताच बंद केला. इतका हेवा मला आयुष्यात कोणाचा वाटला नव्हता. सख्ख्या भावाने अंबरनाथला ब्लॉक घेतला, तेव्हासुद्धा नाही.

मी फेअर कॉपी केली. गुरुजींचे बैल, माझा सेनापती, शिंपी. शिंप्यापर्यंत आलो आणि डबीपाशी थांबलो. ते कार्ड कंपासपेटीत टाकलं आणि पेटी बंद केली. लेखकाला कळू दे, म्हटलं, याला गोष्ट पुरी करता येत नाही ते!

पार्सल मीच बांधून पोस्टात टाकलं. पुढे प्रत्येक रविवारी होतूशेठ हळूच विचारायचा, "साईं, जोडलं ना?"

"जोडलं," मी म्हणायचो.

पाच महिन्यांनी पोस्टकार्ड आलं. कुमुदताईंनी ओट्यावर उभं राहून मोठ्याने वाचलं. लेखकाने लिहिलं होतं, 'बैल आवडले. सेनापतीचं बालपण जरा लांबलं. पण शिंप्याच्या गोष्टीपाशी मी थांबलो. डबी उघडून बघण्यावर गोष्ट सोडून द्यायला फार धीर लागतो. मी असतो तर पोराला घरी आणला असता, बटण लावलं असतं, वर त्याला जेवायला बसवलं असतं आणि सगळी गोष्ट घालवली असती. हे ज्याने लिहिलं त्याला माझा नमस्कार. ता. क. अक्षर कोणाचं? फार सुंदर आहे.'

गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. "बघा!" कुमुदताई म्हणाल्या, "आणि आम्ही वेडे, शेवट लिहा म्हणून मागे लागलो होतो! बरं झालं होतूशेठ, आमचं ऐकलं नाहीत ते!"

होतूशेठने पोस्टकार्ड मागून घेतलं. चष्मा पुसून एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मी वड्याकडे बघत होतो.

त्याने ते पोस्टकार्ड माझ्या शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण स्वतःच्या हाताने लावलं.

"साईं, पुढची गोष्ट लिहिली ना, तर ती पण तुम्हीच फेअर करा. दुसऱ्या कोणाच्या हातात देणार नाही."

"अक्षरासाठी ना?" कुमुदताईंनी कौतुकाने विचारलं.

"हो ताई," होतूशेठ म्हणाला, "अक्षर फार सुंदर आहे यांचं."